सहा इंचांची कट्यार

कृष्णात चौगुलेला हळद लागली ती जे. पी. नगरात, त्याच्या आत्याच्या गच्चीवर. आत्याचं नाव गंगव्वा. चाळीस वर्षं बेंगळुरात काढलेली, मराठीत निम्मं कन्नड कालवून बोलणारी, सगळ्या गल्लीची अक्का. सख्खा भाचा असून कृष्णातही तिला अक्काच म्हणायचा. आंघोळ झाली तरी त्याच्या कानामागे आणि मानेवर पिवळं राहिलंच होतं. अक्काने कपाटातून पितळी मुठीची कट्यार काढली, टोकाला जोर लावून लिंबू खोचलं आणि ती त्याच्या हातात दिली.

"खाली ठेवायची न्हाई. जेवताना न्हाई, निजताना न्हाई. उद्या अक्षता पडंपातूर हातातनं सुटली तर माझ्याशी गाठ हाय."

निपाणीहून आलेलं वऱ्हाड दोन टेम्पोंतून दुपारीच मल्लेश्वरमच्या कार्यालयाकडे गेलं होतं. आई-वडीलही त्यांच्यासोबत गेले. नवऱ्या मुलाला न्यायला मात्र मुलीकडून गाडी यायची होती. ती साडेतीनला आली. पांढरी, पुण्याच्या नंबरची. चालवत होता तनय, मुलीचा धाकटा भाऊ.

तनय आणि कृष्णात यांचं पहिल्या भेटीपासूनच बिनसलेलं होतं. महादेवपुऱ्याच्या ज्या आयटी पार्कमध्ये शाल्मली कामाला होती, तिथल्या अकरा इमारतींच्या लिफ्ट कृष्णातच्या देखरेखीखाली होत्या. हे त्याने सांगितलं तेव्हा तनय हसून म्हणाला होता, "ओह, म्हणजे लिफ्टमन?" शाल्मलीचे वडील विद्याधर चहाच्या कपात बघत राहिले. पुढे प्रत्येक विधीच्या वेळी विद्याधरांचं एकच वाक्य ठरलेलं असायचं, "आमच्याकडे असलं काही नसतं."

गाडीपाशी तनयची नजर कट्यारीवर गेली.

"हे वेपन घेऊन बसणार तू? सीरियसली? डिकीत टाक ना."

"डिकीत टाकत नसत्यात ती," अक्का म्हणाली आणि स्वतःच मागचं दार उघडून आत बसली.

कृष्णात पुढे बसला. कट्यार मांडीवर आडवी, मूठ उजव्या हातात. तनयने एसी वाढवला आणि हळदीचा वास जावा म्हणून काच दोन बोटं खाली घेतली. ते कृष्णातला दिसलं. त्याने समोर बघत राहायचं ठरवलं. एक दिवस काढायचा आहे, मग पुण्याची माणसं पुण्याला जातील, असं तो गेले पंधरा दिवस मनाला सांगत होता.

वाटेत एका सिग्नलला सगळ्या गाड्या तुंबल्या होत्या. हा शहराचा रोजचाच प्रकार. माणसं इंजिन बंद करून मोबाईल बघत बसतात. तनयला ते जमेना. डावीकडे जरा फट दिसताच त्याने गाडी आत घातली. तिथे एक रिक्षा आधीच निम्मी शिरली होती. कर्रर्र आवाज झाला. रिक्षाच्या बाजूचा पत्रा खरवडला आणि गाडीचा आरसा दुमडला.

रिक्षावाला खाली उतरला. चाळिशीपुढचा, खाकी शर्टातला, बांध्याने बारीक माणूस. त्याचं नाव मंजुनाथ, हे नंतर कळलं. त्याने आधी आपला पत्रा बघितला, मग तनयच्या काचेवर टकटक केली आणि कन्नडमध्ये म्हणाला, "काय हो, डोळे आहेत ना? जागा होती का तिथं?"

"हिंदी में बोल," तनय म्हणाला.

"का म्हणून? तुम्ही कन्नड बोला."

"मी बोलतो, थांब," कृष्णात म्हणाला आणि पट्टा सोडायला लागला. पण तनयने तेवढ्यात काच पूर्ण खाली घेतली आणि हिंदीत मंजुनाथच्या आईवरून शिवी दिली. तीही स्पष्ट आणि मोठ्याने. मागच्या स्कूटरवरच्या माणसाने मान वर केली.

त्या शिवीला भाषांतर लागलं नाही. मंजुनाथने आत हात घालून तनयची कॉलर धरली. बाजूच्या दुसऱ्या रिक्षातून एक जण उतरला, स्कूटरवाला स्टँड लावून आला, पदपथावरचे दोघे-तिघे सरकले. दार उघडलं गेलं. तनयला खेचून बाहेर काढलं आणि पहिली थप्पड बसली. तनयच्या तोंडात अजूनही हिंदी होती, पण आता तिच्यात शिव्या नव्हत्या.

"ए, बिडी, बिडी! सोडा त्याला! लग्नाचं घर हाय!" म्हणत अक्का खाली उतरली आणि सरळ घोळक्यात घुसली. कोणाचा तरी कोपर लागला. मुद्दाम नसेल, पण लागला. अक्का दुभाजकाला धडकून खाली बसली. चष्मा एका कानाला लोंबत राहिला.

कृष्णात तोवर गाडीला वळसा घालून आला होता. कट्यार हातात होती, कारण ती सकाळपासून हातातच होती. कोणाच्या तरी खांद्याचा धक्का लागून लिंबू निसटलं आणि चाकांखाली घरंगळत गेलं. कृष्णातने हात वर केला.

"कै बिडी!" तो ओरडला. "हात सोडा म्हणतो!"

घोळका एकदम मागे झाला. पिवळ्या मानेचा, जरीचा फेटा बांधलेला माणूस डोक्याच्या वर पातं धरून उभा आहे, एवढंच लोकांना दिसलं. मंजुनाथ रिक्षाला पाठ टेकून उभा राहिला. तनय जमिनीवर बसलेला. आणि हात सोडण्याऐवजी सगळ्यांच्या हातात मोबाईल आले.

वीस सेकंद असतील. कृष्णातने पुढे बऱ्याच जणांना सांगितलं की तो घाबरला होता, अक्काला बघून भान सुटलं. ते खोटं नव्हतं. पण त्या वीस सेकंदांत त्याला बरंही वाटलं होतं. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी त्याच्यापासून मागे सरकलं होतं. आणि नजर मंजुनाथवर असली तरी मनात मंजुनाथ नव्हता. पायाशी बसलेला तनय होता. ते लक्षात आलं तेव्हा त्याने हात खाली घेतला, पण तोवर चौकातला ट्रॅफिक पोलीस शिट्टी फुंकत पोचला होता.

पोलीस ठाण्यात सब-इन्स्पेक्टर बाई होत्या, धनलक्ष्मी नावाच्या. केस घट्ट बांधलेले, आवाज बसका. त्यांनी सगळ्यांना एका बाकावर बसवलं आणि कट्यार टेबलावर ठेवायला सांगितली.

"खाली ठेवायची नसते ती," अक्का कन्नडमध्ये म्हणाली. "उद्या लग्न आहे पोराचं."

"मग लॉकअपमध्ये धरून बसू दे का त्याला?" धनलक्ष्मी म्हणाल्या.

कृष्णातने कट्यार टेबलावर ठेवली. अक्काने तोंड फिरवलं आणि पदराने डोळे पुसले. कोपर खरचटलं होतं, त्याकडे तिने बघितलंही नाही.

धनलक्ष्मींनी ड्रॉवरमधून प्लॅस्टिकची पट्टी काढली. पातं लांबीला मोजलं, सहा इंच. रुंदीला मोजलं, सव्वा. धारेवरून अंगठा फिरवला आणि भुवया वर केल्या. त्या पात्याने काकडीसुद्धा नीट कापली गेली नसती.

"नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं असतं तर परवाना विचारला असता," त्या म्हणाल्या. "ही बाळगली म्हणून मी तुला धरत नाही. लग्नाची चाल आहे, मला ठाऊक आहे. उत्तर कर्नाटकात नोकरी केलीय मी, असे लिंबूवाले नवरे खूप बघितलेत. पण चालीत ती हातात धरायची असते. उगारायची असते का?"

"नाही मॅडम."

"उगारलीस?"

बाकावरून मंजुनाथ म्हणाला, "व्हिडिओ आहे, मॅडम." तो व्हिडिओ तोवर कुठल्या कुठे गेला होता. कोणीतरी वर लिहिलं होतं की परप्रांतीयाने भर रस्त्यात चाकू काढला. कृष्णात त्यात शुद्ध कन्नडमध्ये ओरडत होता, ते कोणी ऐकलं नव्हतं.

"उगारली," कृष्णात म्हणाला.

मग तनयचा जबाब. तनय इंग्रजीत बोलू लागला. धनलक्ष्मींनी पेन खाली ठेवलं. "जबाब कन्नडमध्ये लिहायचाय. याला येत नाही, मला याची भाषा येत नाही. तू सांग," त्या कृष्णातला म्हणाल्या. "जे बोलेल तेच सांगायचं. एक शब्द इकडचा तिकडे केलास तर बघ." आणि अक्काकडे पेन रोखून, "अक्कांना दोन्ही येतं, त्या ऐकताहेत."

तनयचा ओठ सुजला होता. तो कृष्णातकडे न बघता मराठीत म्हणाला, "मी आधीच सांगितलं होतं, ते वेपन कारमध्ये नको. डिकीत ठेव म्हटलं होतं. त्याने ऐकलं नाही. माझा त्या चाकूशी काही संबंध नाही. त्याचा टेम्पर आधीपासून असाच आहे, आमच्या घरात सगळ्यांना माहितीय."

ज्याला वाचवायला तो उतरला होता, त्याचे हे शब्द होते. कृष्णातने ते एकेक करून कन्नडमध्ये सांगितले. वेपन, डिकी, संबंध नाही. 'टेम्पर' म्हणताना त्याचा आवाज जरा चिरकला, पण त्याने तोही शब्द गाळला नाही. धनलक्ष्मी लिहिता लिहिता थांबल्या, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा लिहू लागल्या.

मंजुनाथची बारी आली तेव्हा तो उठून उभा राहिला.

"मॅडम, त्या बोथट सुरीचं मला काही नाही. माझ्या थोरल्या भावाच्या लग्नातही नारळ आणि कोयता होता. पण या माणसाने माझ्या आईचं नाव घेतलं. ती वारून वर्षही झालेलं नाही. त्याने माझी माफी मागावी, सगळ्यांसमोर. मग मी तक्रार देत नाही. नवऱ्याला घेऊन जा, लग्न करा. नाही मागितली तर दोघांवरही देतो."

अक्काने लगेच हात जोडले. "हो हो, सरी, मागेल तो, का नाही मागणार?" आणि मराठीत तनयला म्हणाली, "बाबा, दोन शब्द बोल. सुटू दे सगळी."

"आय अ‍ॅम नॉट सेइंग सॉरी," तनय म्हणाला. "मार मी खाल्ला आणि माफी पण मीच मागू? त्या रिक्षावाल्याची लायकी काय?" मग तो कृष्णातकडे झुकला. ठाण्यात आल्यापासून पहिल्यांदाच त्याने त्याच्याकडे नीट बघितलं. "तू सांग ना त्याला काहीतरी. सॉरी म्हणतोय म्हणून सांग. त्याला काय कळणारे? मॅनेज कर."

तसं करणं अवघड नव्हतं. अक्काने डोळ्यांनी तेच सांगितलं. तिची मान हळूच हलली, हो म्हण म्हणून. कन्नडमध्ये तीन शब्द, मंजुनाथने मान डोलावली असती, कागद फाटला असता आणि सहाच्या आत सगळे मल्लेश्वरमला पोचले असते. धनलक्ष्मींनाही बहुधा तेच हवं होतं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

कृष्णातला लग्न हवं होतं. शाल्मलीसाठी तो तीन वर्षं थांबला होता. पण तनयच्या तोंडचा तो 'मॅनेज' त्याच्या घशाखाली उतरेना. पार्कमधली माणसं लिफ्ट बंद पडली की नेमकं असंच म्हणायची.

"तो म्हणतो, माफी मागणार नाही," कृष्णात कन्नडमध्ये म्हणाला. "आणि म्हणतो, रिक्षावाल्याची लायकी काय."

"किस्ना!" अक्का ओरडली.

मंजुनाथ खाली बसला. "लिहा मॅडम," तो म्हणाला.

तक्रार लिहिली गेली. कृष्णातवर पातं दाखवून धमकावल्याची, तनयवर शिवीगाळीची. ती पुढे चार महिने चालली आणि शेवटी लोकअदालतीत मिटली. तिथे तनयच्या वकिलाने इंग्रजीत खेद कळवला आणि मंजुनाथने तो कन्नडमध्ये लिहून मागितला. पण त्या दिवशी हे कोणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी जामिनाचे कागद होत होते, कट्यार लाखेच्या मोहरेने पाकिटात बंद होत होती आणि सीमांतपूजनाची वेळ टळून गेली होती.

साडेसहाला विद्याधर आणि शाल्मली आले. विद्याधरांनी कृष्णातकडे बघितलंही नाही. ते धनलक्ष्मींना आपल्या मुलाची नोकरी आणि पद सांगू लागले. बाईंनी ऐकून घेतलं आणि त्यांना रांगेत बसायला सांगितलं.

मग ते अक्कासमोर येऊन उभे राहिले. "तरी मी म्हणत होतो, आमच्याकडे असलं काही नसतं. सुऱ्या, कट्यारी. लग्न आहे की दरोडा?"

"तुमच्याकडं आयबहिणीवरनं शिव्या असत्यात न्हवं?" अक्का बसल्या जागेवरून म्हणाली. "बघितल्या आज."

शाल्मली कृष्णातला घेऊन ठाण्याच्या आवारात आली. जप्त केलेल्या मोटारसायकलींच्या ओळीपाशी दोघं उभी राहिली. तिच्या हातभर हिरवा चुडा होता आणि केस नुसते गुंडाळलेले, जशी होती तशी निघून आलेली.

"तन्या म्हणतोय, तू मुद्दाम केलंस. तुला सहज मिटवता आलं असतं."

"आलं असतं."

"मग?"

"त्याचं बोलणं मी माझ्या तोंडानं गोड करून का द्यायचं?"

"माझ्यासाठी!" तिचा आवाज चढला तसा दारावरचा शिपाई बघायला लागला. "कार्यालयात दोनशे माणसं बसलीयत कृष्णात. तुझी आई सकाळपासून उपाशी आहे. माझ्या भावाला धडा शिकवायला तुला आजचाच दिवस सापडला?"

तो मानेवरची हळद नखाने खरवडायला लागला.

"आणि व्हिडिओतला तुझा चेहरा," ती म्हणाली. "मी चार वेळा पाहिला. तू त्या रिक्षावाल्याला घाबरवत नव्हतास."

"नव्हतो."

"कोणाला?"

त्याने सांगितलं. पंधरा दिवसांचं, लिफ्टमनपासून काचेच्या दोन बोटांपर्यंत. वीस सेकंद बरं वाटलं, तेही सांगितलं. सांगताना त्याला कळत होतं, ही शेवटची भेट ठरू शकते. ती ऐकत राहिली.

"मला तुझ्या रागाची भीती वाटली, एवढं लक्षात ठेव," शेवटी ती म्हणाली. "तन्याचं मी बघेन. बाबांना सांगते, उद्याचा मुहूर्त चुकवायचा नाही. पण मी तुला माफ केलंय, असं धरून चालू नकोस."

"नाही धरत."

"चल. तुझी आई जेवली नाहीये."

लग्न दुसऱ्या दिवशी, ठरल्या वेळी झालं. कृष्णातचे हात रिकामे होते. अक्काने दुसरी सुरी आणायला कोणाला पाठवलं नाही आणि तिला तसं कोणी सुचवलंही नाही. विद्याधरांनी कन्यादान केलं ते खांबाकडे बघत. निपाणीची माणसं एका बाजूला बसली, पुण्याची दुसऱ्या बाजूला. मधल्या चार ओळींतल्या खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या. वाढपीसुद्धा कुठल्या बाजूने पंगत सुरू करावी म्हणून घुटमळत होते.

होम झाल्यावर भीमाचार्यांनी, म्हणजे मल्लेश्वरमच्या भटजींनी, पोथीतून मान वर काढली. "कानपिळी. मुलीचा भाऊ कुठे आहे?"

तनय पहाटेच पुण्याला निघाला, असं सगळ्यांनी ऐकलं होतं. शाल्मलीचा मावसभाऊ देवव्रत खुर्चीवरून अर्धवट उठला.

तेवढ्यात तनय मागच्या दारातून आला. ओठावर काळसर वण, अंगावर नवा कुर्ता. सरळ चालत होमापाशी आला, कृष्णातच्या उजव्या बाजूला वाकला आणि त्याचा कान धरला.

"बहिणीला नीट सांभाळ म्हणा," भीमाचार्य हसत म्हणाले.

तनयने कान पिळला. पहिला पीळ नेहमीचा होता. दुसऱ्याला नखं लागली. तिसऱ्याला कृष्णातची मान एका बाजूला वाकली आणि डोळ्यांत पाणी आलं. मांडवात हशा पिकला. दोन्ही बाजूंनी, पहिल्यांदाच एकत्र. "अजून जोरात!" पुण्याकडून कोणीतरी ओरडलं. फोटोग्राफर म्हणाला, "सर, स्वल्प थांबा, परत एकदा," आणि तनयने परत एकदा पिळला.

शेजारी शाल्मली सरळ समोर, धुराकडे बघत होती. तेवढी एकटी हसत नव्हती.

मग त्याने रिवाजाप्रमाणे ताटातली शाल उचलून तनयच्या खांद्यावर घातली. दोघांचे चेहरे अगदी जवळ आले.

"हे मी विसरणार नाही," तनय हळू आवाजात म्हणाला.

"मीपण नाही," कृष्णात म्हणाला.

तनय शाल खांद्यावर तशीच ठेवून मांडवातून बाहेर गेला आणि न जेवता पुण्याच्या रस्त्याला लागला. भीमाचार्यांनी पान उलटलं आणि नवरा-नवरीला सप्तपदीसाठी उभं राहायला सांगितलं. कान लालभडक झाला होता आणि ठणकत होता. शाल्मलीने एकदा तिकडे बघितलं, त्याचा हात धरला आणि पहिलं पाऊल टाकलं.